व्हिडिओ संपला, पण पुढचा का लागत नाही?

प्लेलिस्टमधला एक व्हिडिओ संपतो, पडदा स्थिर होतो आणि पुढचा काही केल्या सुरू होत नाही, असे झाले की बहुतेक जण आधी ऑटोप्लेचे बटण शोधतात, ते दोन-तीन वेळा चालू-बंद करून पाहतात आणि त्याने काही फरक पडला नाही की इंटरनेटला दोष देऊन मोकळे होतात. अडचण अशी आहे की ‘ऑटोप्ले’ या एकाच शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पान उघडताच पहिला व्हिडिओ आपणहून सुरू होणे ही एक; यादीतला एक व्हिडिओ संपल्यावर त्याच यादीतला पुढचा लागणे ही दुसरी; आणि यादी किंवा सुटा व्हिडिओ संपल्यावर संकेतस्थळाने स्वतः निवडलेला एखादा व्हिडिओ सुरू होणे ही तिसरी. पहिल्या गोष्टीचा निर्णय मुख्यतः ब्राउझर करतो, दुसरी यादीवर आणि प्लेअरवर अवलंबून असते, तर तिसरी तुमच्या खात्यातील किंवा उपकरणावरील पसंतीनुसार घडते. बिघाड दुसऱ्या प्रकारचा असताना तिसऱ्या प्रकारचे बटण दाबत बसल्यास संध्याकाळ वाया जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

म्हणून सुरुवात करताना कोणत्याही सेटिंगला हात न लावता व्हिडिओ नेमका कोणत्या क्षणी थांबतो ते पाहावे. तो दर वेळी एकाच व्हिडिओपाशी अडतो का, की ठरावीक वेळ उलटल्यावर कुठेही थांबतो? टॅब समोर असताना सगळे सुरळीत चालते आणि दुसऱ्या टॅबवर गेल्यावरच खोळंबा होतो का? फोनचा पडदा बंद झाला की थांबतो का? तीच यादी दुसऱ्या उपकरणावर किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालते का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्म्याहून अधिक कारणे तिथल्या तिथे बाद होतात. ही तपासणी करताना प्रत्येक व्हिडिओ पूर्ण पाहण्याची गरज नाही. खालच्या पट्टीवरचा ठिपका ओढून शेवटच्या दहा सेकंदांवर आणावा आणि व्हिडिओ संपू द्यावा. सलग चार-पाच व्हिडिओंवर असे केले की एरवी दोन तासांनी दिसणारा दोष पाच मिनिटांत दिसतो. मात्र वेळेशी बांधलेला थांबा या युक्तीने पकडता येत नाही, त्याचा विचार पुढे केला आहे.

यादी खरोखर लागली आहे का?

सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षित राहणारे कारण हे आहे की आपण यादी लावली असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात एक सुटा व्हिडिओ चालू असतो. यूट्यूबवर संगणकाच्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ उघडला की वरच्या ॲड्रेस बारमध्ये जो पत्ता दिसतो, त्यात ‘व्ही’ या इंग्रजी अक्षरापुढे व्हिडिओची ओळख असते आणि व्हिडिओ यादीतून लावलेला असेल तर त्यापुढे ‘लिस्ट’ हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि यादीची लांबलचक ओळख असते; बऱ्याचदा त्यामागून ‘इंडेक्स’ हा शब्द आणि यादीतला क्रमांकही येतो. पत्त्यात ‘लिस्ट’ नसेल तर प्लेअरच्या दृष्टीने यादी अस्तित्वातच नाही. ॲड्रेस बार वाचणे नको असेल तर व्हिडिओच्या उजव्या बाजूला यादीचे नाव आणि ‘चाळिसांपैकी तिसरा’ अशा अर्थाची मोजणी दाखवणारा चौकोन आहे का ते पाहावे. फोनवर हीच माहिती व्हिडिओच्या खालच्या पट्टीत असते.

चाळीसएक व्याख्यानांची एक यादी मी एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी लावून दिली होती, आणि प्रत्येक व्याख्यानानंतर मला हाक येत असे. मी ऑटोप्ले तपासले, ब्राउझर बदलला, राउटर बंद करून पुन्हा सुरू केला. अखेर ॲड्रेस बार नीट वाचला तेव्हा कळले की मी बुकमार्क केलेला पत्ता व्हिडिओखालच्या ‘शेअर’ बटणातून घेतलेला होता आणि त्यात यादीचा भाग आलेलाच नव्हता. त्या बटणातून मिळणारा आखूड पत्ता अनेकदा फक्त त्या व्हिडिओचा असतो. संपूर्ण यादी कुणाला पाठवायची किंवा जपून ठेवायची असेल तर यादीचे स्वतंत्र पान उघडावे आणि तिथले शेअर बटण वापरावे, किंवा त्या पानाचाच पत्ता उचलावा.

याला जोडून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यादी ‘खासगी’ ठेवलेली असेल तर तिची लिंक दुसऱ्या माणसाला पाठवून उपयोग होत नाही. त्याला यादी दिसतच नाही. यादी ‘सार्वजनिक’ किंवा निदान ‘असूचीबद्ध’, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसणारी, असावी लागते. ‘नंतर पाहा’ ही यादी तर प्रत्येकाची स्वतःची आणि कायम खासगीच असते, त्यामुळे तिच्यातून उचललेली लिंक पुढच्या माणसाकडे तुमची यादी घेऊन जात नाही.

यादी लागलेली आहे, तरी पुढचा व्हिडिओ येत नाही, असे असेल तर यादीचा क्रम तपासावा. पुष्कळ वाहिन्यांच्या याद्यांमध्ये नवा व्हिडिओ सर्वांत वर टाकलेला असतो. अशा यादीत मालिकेचा पहिला भाग सर्वांत खाली असतो. तुम्ही शोधून शोधून तो पहिला भाग लावता, तो संपतो आणि त्यानंतर यादीत काहीच उरलेले नसते, कारण तुम्ही यादीच्या शेवटच्या पायरीवरच उभे असता. प्लेअरने आपले काम चोख बजावलेले असते, तरी पाहणाऱ्याला वाटते की ऑटोप्ले बिघडले. यादी तुमची असेल तर तिच्या पानावरून क्रम बदलता येतो, हवे तर एकेक व्हिडिओ ओढून जागेवर ठेवता येतो. यादी दुसऱ्याची असेल तर तिच्यातले व्हिडिओ योग्य क्रमाने स्वतःच्या नव्या यादीत साठवून घेणे हा खात्रीचा उपाय आहे. एका यादीत ५,००० पर्यंत व्हिडिओ मावतात, त्यामुळे जागेची चिंता नसते. एखादा व्हिडिओ स्वतःच्या यादीत साठवता येत नसेल तर मात्र त्याच्याबाबतीत मूळ यादीवरच अवलंबून राहावे लागते.

एकाच जागी अडणारी यादी

दर वेळी सतराव्या व्हिडिओनंतर यादी थांबत असेल, तर संशय सतराव्यावर घेऊ नये, अठरावा तपासावा. तो व्हिडिओ काढून टाकलेला, खासगी केलेला, फक्त वाहिनीच्या सदस्यांसाठी राखलेला, वयाची अट असलेला किंवा तुमच्या देशात उपलब्ध नसलेला असू शकतो. यूट्यूब अनुपलब्ध व्हिडिओ यादीच्या पानावर बहुधा लपवून ठेवते, त्यामुळे यादी वरवर धडधाकट दिसते. पानावरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूमध्ये असे व्हिडिओ दाखवण्याचा पर्याय असतो, तो वापरला की रिकामे घर कुठे आहे ते कळते. यादी तुमची असेल तर तो व्हिडिओ काढून टाकावा. ‘प्रतिबंधित मोड’, म्हणजे प्रौढांसाठीचे व्हिडिओ गाळणारी सेटिंग, चालू असल्यास धडधाकट व्हिडिओसुद्धा अडतात. हा मोड संस्थेच्या नेटवर्कवरून किंवा पालकांच्या खात्यातून लावलेला असेल तर तो तुमच्या हाताने बंद होणार नाही.

अठरावा व्हिडिओ आगामी प्रीमियर, म्हणजे ठरलेल्या वेळी पहिल्यांदा दाखवायचा व्हिडिओ, किंवा ठरवलेले थेट प्रक्षेपण असेल तर गोष्ट जरा वेगळी होते. प्लेअर त्या व्हिडिओवर पोहोचलेला असतो, पण दाखवण्यासारखे अजून काही नसल्याने तो उलट मोजणीचा पडदा दाखवत उभा राहतो. चालू असलेले थेट प्रक्षेपणही तसेच, कारण ते संपत नाही तोवर पुढच्याची पाळी येणार नाही. बातम्यांच्या आणि सभांच्या याद्यांमध्ये हा प्रकार विशेष आढळतो, आणि ‘पुढे’ हे बटण दाबण्याखेरीज त्यावर उपाय नाही.

एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागत असेल तर ‘लूप’ तपासावे. संगणकावर चालू व्हिडिओवर उजवे क्लिक केल्यास उघडणाऱ्या मेनूत लूपचा पर्याय असतो आणि तो चुकून निवडला जाणे अगदी सोपे आहे. यादीच्या चौकोनातही लूपचे चिन्ह असते. ते पूर्ण यादीसाठी लावले आहे की एका व्हिडिओसाठी, हे त्यावर माउस नेऊन पाहावे. ‘शफल’ चालू असेल तर क्रम विस्कटतो आणि पाहिलेले व्हिडिओ परत येऊ लागतात. हा दोष नसून निवड असते, पण ती कुणी आणि कधी केली हे सहसा आठवत नाही.

ऑटोप्लेचे बटण आणि घड्याळ

आता त्या प्रसिद्ध बटणाकडे वळू. यूट्यूबवर संगणकाच्या प्लेअरमध्ये ते खालच्या पट्टीत आणि फोनवर व्हिडिओच्या वरच्या भागात असते. त्याचा मुख्य संबंध वर सांगितलेल्या तिसऱ्या गोष्टीशी, म्हणजे सुचवलेला व्हिडिओ आपोआप लागण्याशी आहे. यादी रीतसर लागलेली असेल तर संगणकावर साधारणपणे हे बटण बंद असतानाही यादी पुढे सरकते, आणि म्हणूनच यादी अडली असताना या बटणाशी झटापट केल्याने बहुधा काही हाती लागत नाही. तरीही ते चालू करून एकदा पाहण्यात तोटा नाही. एका उपकरणावर बदललेली पसंती दुसऱ्यावर लागू झाली असेलच असे धरू नये. फोन, संगणक आणि टीव्ही तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे पाहावे.

खात्यावर नोंदवलेले वय १३ ते १७ असेल तर यूट्यूब हे बटण मुळातच बंद ठेवते. हा बदल २०२१ मध्ये जाहीर झाला. मुलांच्या ॲपमध्ये आणि पालकांच्या देखरेखीखालील खात्यांमध्ये ऑटोप्ले बंद करून त्यावर पालकांचे नियंत्रण ठेवता येते. त्यामुळे घरातल्या एकाच टॅबलेटवर आईच्या खात्यात सगळे चालते आणि मुलीच्या खात्यात चालत नाही, असे दिसले तर टॅबलेट दुरुस्तीला नेऊ नये.

ठरावीक वेळाने थांबणाऱ्या व्हिडिओंचे कारण बहुधा घड्याळात असते. यूट्यूबच्या नियमाप्रमाणे मोबाइल डेटावर असताना तुम्ही ३० मिनिटे काहीच हालचाल केली नाही, म्हणजे पडद्याला हात लावला नाही किंवा बटण दाबले नाही, तर ऑटोप्ले थांबते. वाय-फायवर हीच मर्यादा ४ तासांची आहे. संगणकावर ‘व्हिडिओ थांबवला आहे, पुढे पाहायचे का?’ अशा अर्थाची चौकट येते तीही याच जातीची. पैसे घेऊन मालिका दाखवणाऱ्या सेवाही काही भागांनंतर असेच विचारतात. हा थांबा मुद्दाम ठेवलेला आहे आणि तो कायमचा काढण्याची अधिकृत सोय बहुतेक ठिकाणी नसते. चौकट आपोआप दाबणारी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मिळतात, पण अनोळखी माणसाने लिहिलेल्या एक्स्टेन्शनला प्रत्येक पान वाचण्याची परवानगी देणे हा सौदा मला महाग वाटतो. त्यापेक्षा तासाभराने एकदा माउस हलवलेला बरा.

घड्याळाचा आणखी एक प्रकार म्हणजे ‘स्लीप टायमर’. २०२४ मध्ये यूट्यूबने तो सर्वांसाठी खुला केला. प्लेअरच्या दातेरी चाकाच्या मेनूत तो असतो आणि त्यात मिनिटांच्या पर्यायांबरोबर ‘व्हिडिओ संपल्यावर’ असाही एक पर्याय आहे. तो निवडलेला राहिला तर यादी चालू व्हिडिओच्या शेवटी हटकून थांबते, आणि झोपेच्या वेळी लावलेला टायमर कुणाच्या लक्षात राहतो? ‘विश्रांतीची आठवण’ ही सोय चालू असेल तर तीही मध्येच व्हिडिओ थांबवून सूचना दाखवते. ती ॲपच्या सेटिंगमधून बंद करता येते.

पहिलाच व्हिडिओ सुरू होत नसेल तर

पान उघडले, यादी दिसते आहे, पण पहिला व्हिडिओ आपणहून सुरू होत नाही आणि त्यावर क्लिक केल्यावर मात्र पुढचे सगळे सुरळीत चालते, अशी स्थिती असेल तर ती ब्राउझरच्या धोरणाची खूण आहे. पान उघडताच आवाज करणाऱ्या जाहिरातींना लोक कंटाळले तेव्हा ब्राउझरांनी एकामागून एक लगाम आवळला. मॅकवरच्या सफारीने २०१७ मध्ये आवृत्ती ११ पासून, क्रोमने २०१८ मध्ये आवृत्ती ६६ पासून आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये, योगायोगाने त्याच ६६ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून, आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली. आवाज बंद असलेला व्हिडिओ सहसा अडवला जात नाही, म्हणून कित्येक संकेतस्थळांवर व्हिडिओ मुका सुरू होतो आणि कोपऱ्यात आवाज चालू करण्याचे चिन्ह दिसते.

क्रोमची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तुम्ही त्या संकेतस्थळावर आधी क्लिक केले असेल तर तो आवाजासह व्हिडिओ सुरू होऊ देतो; शिवाय संगणकावर तो प्रत्येक संकेतस्थळावर तुम्ही किती व्हिडिओ पाहता याचा हिशेब ठेवतो आणि तो हिशेब पुरेसा भरला की क्लिक नसतानाही परवानगी देतो. हिशेबात धरले जाण्यासाठी व्हिडिओ ७ सेकंदांहून अधिक चालावा लागतो, त्याचा आवाज चालू असावा लागतो, टॅब समोर असावा लागतो आणि व्हिडिओची चौकट २०० बाय १४० पिक्सेलपेक्षा मोठी असावी लागते. याचा व्यवहारातला अर्थ असा की नवा संगणक घेतला, ब्राउझरमधली सगळी माहिती पुसली किंवा नवे प्रोफाइल काढले की काही दिवस तेच संकेतस्थळ पूर्वीसारखे वागणार नाही, आणि नेहमीप्रमाणे पाहत राहिल्यावर आपोआप ताळ्यावर येईल. ‘कालपर्यंत चालत होते’ या तक्रारीचे उत्तर कधी कधी एवढेच असते.

क्रोममध्ये ऑटोप्लेसाठी वेगळे बटण नाही, पण ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावरून साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘आवाज’ म्यूट केलेला नाही ना, हे पाहता येते. फायरफॉक्समध्ये सेटिंगच्या गोपनीयता आणि सुरक्षा या भागात परवानग्यांच्या यादीत ऑटोप्ले आहे. तिथे सगळे चालू द्यावे, आवाज असलेले अडवावे किंवा सगळेच अडवावे असे तीन पर्याय असून एखाद्या संकेतस्थळापुरता अपवादही करता येतो. मॅकवरच्या सफारीत सेटिंगमधील वेबसाइट्स या भागात ऑटोप्लेची अशीच यादी असते. एजमध्येही मीडिया ऑटोप्लेसाठी स्वतंत्र पर्याय आहे. आवृत्तीगणिक मेनूंची जागा सरकत राहते, म्हणून सेटिंगच्या शोधपेटीत सरळ ‘ऑटोप्ले’ लिहिणे सोयीचे पडते. सगळ्या संकेतस्थळांना मोकळे रान देण्यापेक्षा ज्या एका ठिकाणी यादी पाहता तेवढ्यापुरती परवानगी द्यावी, असे माझे मत आहे.

काही संकेतस्थळे, विशेषतः अभ्यासक्रमांची, प्रत्येक भागासाठी नवे पान उघडतात. तिथे दुसऱ्या प्रकारचा बिघाड पहिल्या प्रकाराचे रूप घेतो: पुढचे पान उघडते, भागाचे नाव बदलते, पण कडक ब्राउझरच्या लेखी ते नवे पान असल्याने व्हिडिओ क्लिकची वाट पाहत राहतो. अशा वेळी वर सांगितलेली साइटपुरती परवानगी दिली की काम होते.

एक्स्टेन्शन आणि झाकलेले टॅब

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये काही सापडले नाही तर एक्स्टेन्शनवर संशय घ्यावा. जाहिराती अडवणारी, पान अंधारे करणारी, व्हिडिओचा वेग बदलणारी आणि टॅब बदलताच व्हिडिओ थांबवणारी एक्स्टेन्शन प्लेअरच्या कामात हात घालतात. संकेतस्थळाने आपली रचना बदलली आणि एक्स्टेन्शन जुनेच राहिले की व्हिडिओ संपल्याची खबर प्लेअरपर्यंत पोहोचत नाही आणि पुढचा व्हिडिओ लागत नाही. पडताळण्यासाठी इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी, विंडोत तीच यादी लावावी, कारण तिथे एक्स्टेन्शन मुळात बंद असतात. तिथे तुम्ही खात्यातून बाहेर असता हे लक्षात ठेवून सार्वजनिक यादीच निवडावी. यादी तिथे सुरळीत चालली तर मूळ विंडोत येऊन निम्मी एक्स्टेन्शन बंद करावीत. दोष गेला तर गुन्हेगार त्या निम्म्यांत आहे, राहिला तर उरलेल्यांत. अशी निम्मी-निम्मी करत गेल्यास सोळा एक्स्टेन्शनांमधून नेमके एक चार फेऱ्यांत सापडते.

टॅब झाकल्यावरच अडचण येत असेल तर ब्राउझरची काटकसर कारणीभूत असू शकते. न दिसणाऱ्या टॅबमधील वेळेवर चालणारी कामे ब्राउझर मंदावतात. क्रोमच्या ८८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, पाच मिनिटांहून अधिक काळ लपलेल्या आणि निदान तीस सेकंद आवाज नसलेल्या पानावरची अशी कामे मिनिटातून एकदाच तपासली जाण्याची शक्यता असते. आवाज चालू असलेल्या टॅबला याची झळ लागत नाही, पण व्हिडिओ म्यूट करून मागे ठेवला असेल किंवा दोन व्हिडिओंमध्ये मोठे अंतर पडत असेल तर पुढचा व्हिडिओ रेंगाळतो. उपाय गमतीदार वाटेल, पण चालतो: टॅब म्यूट करण्याऐवजी संगणकाचाच आवाज कमी करावा किंवा यादीचा टॅब वेगळ्या विंडोत काढून पडद्याच्या कोपऱ्यात दिसत ठेवावा. मेमरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये ‘ही संकेतस्थळे नेहमी सक्रिय ठेवा’ अशी यादी असते, तिथेही नाव घालता येते.

फोनवर आणि टीव्हीवर

फोनवर पडदा बंद होताच यूट्यूब थांबत असेल तर तो बिघाड नाही. पार्श्वभूमीत व्हिडिओ चालू ठेवण्याची सोय सर्वसाधारणपणे पैसे भरून घेतलेल्या सदस्यत्वात येते. सदस्यत्व असूनही थांबत असेल तर अँड्रॉइडवर त्या ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ करावा, आणि बॅटरी सेव्हर व डेटा सेव्हर दोन्ही बंद करून पाहावे. आयफोनवर ‘लो पॉवर मोड’ चालू असताना सफारीतले व्हिडिओ, अगदी मुकेसुद्धा, आपणहून सुरू होत नाहीत. बॅटरीचे चिन्ह पिवळे दिसत असेल तर आधी तिकडे पाहावे.

टीव्हीवर फोनवरून यादी पाठवली असेल तर ती पुढे नेण्याचे काम टीव्हीवरचे ॲप करते, फोन केवळ रिमोट उरतो. घरातल्या दुसऱ्या कुणी त्याच टीव्हीवर एक व्हिडिओ पाठवला तर रांग बदलते. जोडणी तोडून, टीव्हीवरचे ॲप पूर्ण बंद करून पुन्हा यादी पाठवणे हा इथला पहिला उपाय. नेटफ्लिक्ससारख्या सेवांमध्ये पुढचा भाग आपोआप लावण्याची निवड प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळी असते आणि ती ब्राउझरमधून खात्यात जाऊन बदलावी लागू शकते; बदल टीव्हीवर दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत यावे.

इंटरनेटचा वेग हे कारण मी मुद्दाम मागे ठेवले आहे. जोडणी मंद असेल तर व्हिडिओ मध्येच अडखळतो, फिरणारे चक्र दिसते. दर वेळी नेमका दोन व्हिडिओंच्या सांध्यावरच थांबणारा दोष सहसा वेगाचा नसतो.

स्वतःच्या पानावर यादी लावणाऱ्यांसाठी

स्वतःच्या संकेतस्थळावर यूट्यूबची यादी बसवली असेल आणि ती चालत नसेल तर तीन ठिकाणी पाहावे. पहिले, व्हिडिओची चौकट ज्या आयफ्रेममध्ये, म्हणजे दुसरे संकेतस्थळ दाखवणाऱ्या पानातल्या खिडकीत, आहे तिच्या ‘अलाऊ’ या गुणधर्मात ऑटोप्लेचा उल्लेख असावा लागतो. तो नसेल तर बाहेरच्या संकेतस्थळाच्या चौकटीला तुमच्या पानाची परवानगी पोहोचत नाही. त्यासोबत व्हिडिओ म्यूट करून सुरू केला तरच पान उघडताच तो चालण्याची खात्री धरावी. दुसरे, एकच व्हिडिओ सतत फिरवायचा असेल तर लूपचा पर्याय एकट्याने काम करत नाही. ‘प्लेलिस्ट’ या पर्यायात त्याच व्हिडिओची ओळख पुन्हा द्यावी लागते. तिसरे, यादीतला एखादा व्हिडिओ मालकाने बाहेरच्या पानांवर दाखवायला मनाई केलेला असू शकतो. तो यूट्यूबवर चालतो आणि तुमच्याकडे अडतो. प्लेअरकडून येणाऱ्या त्रुटीचा क्रमांक १०१ किंवा १५० असेल तर हेच कारण आहे. १०० असेल तर व्हिडिओ काढलेला किंवा खासगी आहे, आणि २ असेल तर तुम्ही दिलेली ओळखच चुकीची आहे, बहुधा एखादे अक्षर गाळलेले. त्रुटी आली की पुढच्या व्हिडिओवर जाण्याची आज्ञा प्लेअरला देण्याची तजवीज केल्यास एका व्हिडिओपायी सगळी यादी खोळंबत नाही.

स्वतःचा प्लेअर लिहिला असेल तर व्हिडिओ सुरू करण्याची आज्ञा लगेच यशस्वी झाली असे मानू नये. ब्राउझर त्या आज्ञेला आधी एक वायदा (प्रॉमिस) देतो आणि परवानगी नसेल तर तो मोडतो. त्या मोडलेल्या वायद्याची दखल घेऊन पडद्यावर ठळक ‘सुरू करा’ बटण दाखवावे. पुढच्या भागासाठी दर वेळी नवा प्लेअर निर्माण न करता त्याच प्लेअरमध्ये नवा स्रोत भरावा, म्हणजे पाहणाऱ्याने पहिल्यांदा केलेल्या क्लिकचे पुण्य, विशेषतः आयफोनवर, पुढेही उपयोगी पडते.

एवढे करूनही दोष राहिला तर ब्राउझरची सगळी माहिती पुसण्याआधी फक्त त्या एका संकेतस्थळाच्या कुकी आणि साठवलेली माहिती पुसावी, पुन्हा लॉग-इन करावे, ॲप असल्यास अद्ययावत करावे. त्यानंतर सेवेच्या मदत विभागाला लिहिताना ‘ऑटोप्ले चालत नाही’ एवढेच लिहू नये. उपकरण आणि त्याची प्रणाली, ब्राउझर किंवा ॲपची आवृत्ती, यादीची लिंक, कितव्या व्हिडिओनंतर आणि किती मिनिटांनी थांबते, टॅब समोर होता की मागे, आणि इन्कॉग्निटो विंडोत तसेच दुसऱ्या उपकरणावर काय दिसले, हे सारे एकाच निरोपात लिहावे.